आंब्यावरून आंब्यापर्यंत

मागच्या चैत्रात माझ्या हातून एक ऑर्किड मेलं. जांभळ्या फुलांचं, साडेसहाशे रुपयांचं, पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीतलं. रोपवाटिकेतल्या पोरानं छातीठोकपणे सांगितलं होतं, "काका, काहीच करायचं नाही. आठवड्याला बर्फाचा एक खडा ठेवायचा." सोलापुरात पारा त्रेचाळीसवर असताना हाती आलेला बर्फाचा खडा माणूस कुंडीत ठेवील की तोंडात टाकील? तरी मी इमानेइतबारे ठेवत गेलो. दुसऱ्या आठवड्यात फुलांनी माना टाकल्या आणि महिना संपायच्या आत पानं खालून कुजली.

आईला काही वाईट वाटलं नाही. "त्याला काय आपली हवा मानवायचीय?" ती म्हणाली. "आमच्या बांधावरच्या आंब्यावर होतं की असलंच एक. कोण पाणी घालत होतं त्याला?"

"असलंच म्हणजे?"

"झाडावर बसलेलं. लोंबत्या पांढऱ्या मुळ्या. उन्हाळा सरता सरता फूल यायचं, चादरीसारखं."

चादरीसारखं म्हटल्यावर मी कान टवकारले. मी तीस वर्षं सोलापुरात चादरींची डिझाइनं काढतोय. आधी ग्राफच्या कागदावर एकेक चौकट रंगवायची, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची आणि ती जेकॉर्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, चढवायची. आता ते सगळं कॉम्प्युटरवर होतं, पण डोळ्यांना चौकटी मोजायची सवय लागली ती लागली. आईचं वर्णन मी शेजारच्या सरांना सांगितलं. सर निवृत्त, जीवशास्त्राचे. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "वांडा टेसेलाटा. टेसेलाटा म्हणजे फरशीसारख्या चौकटी-चौकटींचं. तुमच्या मातोश्रींनी लॅटिन नावाचं भाषांतर करून दिलं बघा."

बेत त्या चहावरच ठरला. आधी मामाच्या शेतातलं झाड बघायचं आणि तसंच सलग घाटात जाऊन त्याचे ओल्या रानातले भाऊबंद बघायचे. जूनचा पहिला पंधरवडा दोन्हींच्या फुलांचा. घाट कुठला, याला सरांचं उत्तर तयार होतं. सोलापूरहून मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत रत्नागिरीला जाणारा १६६ क्रमांकाचा हमरस्ता सह्याद्री उतरतो तो आंबा घाटात. सोलापूरचं वर्षाचं पाऊसमान साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला तेवढा पाऊस चांगल्या आठवड्यात पडून जातो.

शुक्रवार : सोलापूर – वैराग – मामाचं गाव

पहाटे साडेपाचला निघालो. सर गाडी चालवणार, मी शेजारी आणि आई मागं. तिच्या मांडीवर फडका बांधलेली दुरडी, त्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि हे सगळं आमच्याच कारखान्यातल्या एका कोऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं. टॉवेल चांगला होता, निर्यातीच्या मालातला. "भाकरी संपली की परत आण," तिनं घरातच बजावलं होतं. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं हटकलं, "कुठं चाललाव बे एवढ्या सकाळी?" "बांडगूळ बघायला," म्हटलं. त्यानं काही न बोलता गाळणी झटकली.

बार्शीच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळात नान्नज येतं. माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं ते हे. हा पक्षी दिसणं आता नशिबाचीच गोष्ट. आम्हाला कुसळी गवतात उभा असलेला एक काळवीट तेवढा दिसला. या मुलखात नजर नेहमी आडवी जाते. गवत, क्षितिज, लांबवर एखादं लिंबाचं झाड. मान वर करून फांदीत काही शोधायची सवयच आम्हाला नाही.

वैरागच्या पुढं रस्ता सोडून आत वळलो. गावाचं नाव लिहीत नाही. सरांनी तशी अटच घातली होती: फोटो टाका, काय लिहायचं ते लिहा, पण झाड कुठं ते सांगायचं नाही. लोक पोती घेऊन जातात.

मामा बांधावर उभेच होते. हातात कोयता.

"या. हे बगा तुमचं आर्किट." त्यांनी कोयत्यानं आंब्याचा शेंडा दाखवला. फांद्यांवर जाड हिरव्या पानांचे झुबके, त्यांत नारिंगी झाक असलेली नळीसारखी फुलं. मला आनंद झाला आणि तो लगेच विरला, कारण सर नुसती मान हलवत होते.

"हे बांडगूळ. खरंखुरं. मामा, ही फांदी कापाच तुम्ही, अगदी गाठीच्या खाली हातभर सोडून."

मामांनी कापली. बांडगूळ जिथं चिकटलं होतं तिथं फांदी सुजून लाकडी गाठ झाली होती. सरांनी ती उभी चिरून दाखवली. आत आंब्याचं लाकूड कुठं संपतं आणि त्याचं कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. गाठीच्या पुढची फांदी मात्र वाळून काटकी झालेली. फुलटोचा नावाचा अंगठ्याएवढा पक्षी याची फळं खातो. बी इतकं चिकट, की त्याला ते फांदीवर अंग घासून सोडवावं लागतं. बी तिथंच रुजतं आणि सालीत घुसतं. आंब्याचं पाणी वरच्यावर ओढून घेतं.

"म्हंजे ह्ये न्हवं?" मामा जरा खट्टू झाले.

तोवर आई आंब्याला अर्धी फेरी मारून पलीकडच्या अंगाला गेली होती. ती म्हणाली, "शेंड्यात काय बघताय? खाली ढोलीपाशी बघा की."

जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर, मोडलेल्या जुन्या फांदीच्या ढोलीशेजारी ते होतं. पहिल्यांदा डोळ्यांत भरल्या त्या मुळ्या. करंगळीहून थोड्या बारीक, राखाडी-पांढऱ्या, काही खोडाला पालीसारख्या चिकटलेल्या, काही नुसत्याच हवेत सुटलेल्या. मधून वर आलेला वीतभर दांडा आणि दोन्ही बाजूंना दुमडलेली, धनुष्यासारखी वाकलेली जाड पानं. पानाचं टोक कुणीतरी दातानं कुरतडल्यासारखं. आणि पानाच्या बगलेतून निघालेल्या दांडीवर सात फुलं.

मामांनी शिडी लावली. मी चढलो. तीस वर्षं डिझाइनं काढलेल्या माणसानं त्या फुलासमोर नाक नेलं आणि बराच वेळ खाली उतरला नाही, एवढं मी कबूल करतो. पाकळ्या पिवळसर हिरव्या, त्यांवर तपकिरी रेघांची जाळी. खरोखर ग्राफचा कागद. पिवळा ताणा आणि तपकिरी बाणा म्हणावा तर कडा नागमोडी, त्यामुळं रेघाही पाण्यात काठी वाकडी दिसावी तशा वाकलेल्या. पाठ मात्र पांढरीफेक, चादरीची उलटी बाजू दिसावी तशी. मधला ओठ निळसर जांभळा. मी सवयीनं चौकटी मोजायला लागलो. एका पाकळीतली जाळी दुसरीत तशीच येत नव्हती. सात फुलांच्या पस्तीस पाकळ्या, आणि एकाही डिझाइनचा रिपीट नाही. आमच्या धंद्यात असा माल परत पाठवतात.

"वास बघितलास का?" खालून आईनं विचारलं. बघितला. गोड, हलका, सकाळच्या उन्हात थोडा तापलेला.

सरांनी खालून गवताची एक काडी वर दिली. "ओठाच्या वर जो टोपीसारखा भाग आहे ना, तिथं हळूच टोचा आणि ओढून घ्या." ओढली, तर काडीच्या टोकाला राजगिऱ्याएवढे दोन पिवळे गोळे चिकटून आले. सगळा पराग त्या दोन गोळ्यांत. बाकीची फुलं पराग पिठासारखा उधळतात. इथं तो गठ्ठ्यानं बांधलेला; माशी आली की तिच्या अंगाला चिकटतो आणि पुढच्या फुलात जाऊन बसला तर बसला. बसला की शेंग धरते आणि त्या एका शेंगेत हजारोंनी बी. इतकं बारीक की उडवलं तर धुरळा. मात्र त्या बियात कोंबाला खायला शिदोरीच नसते. फांदीवर जिथं ते पडेल तिथं ठराविक बुरशी भेटली आणि तिनं पोसलं, तरच ते रुजतं. मला आमच्या साडेसहाशेच्या कुंडीची आठवण झाली आणि सरांनाही झाली असावी, कारण ते हसले.

मामांना या सगळ्यात रस नव्हता. ते कोयता पुसत म्हणाले, "ते वरचं कापलं, आता ह्येच्यावर बी हात फिरवतो. झाडावरचं बांडगूळ म्हंजे बांडगूळ. रगात पितं."

सर शिडी चढले. हे मला चांगलं आठवतं, कारण सर पासष्टचे आहेत आणि मी खाली शिडी धरून घाबरलो होतो. त्यांनी मामांनाही तीन पायऱ्या वर बोलावलं आणि एक मूळ नखानं हळूच उचलून दाखवलं. मूळ सालीला डिंकासारखं चिकटलेलं, पण साल सलग होती. कुठं भोक नाही की सूज नाही. "आत गेलंय का काही?"

"न्हाई."

मग त्यांनी पाण्याची बाटली मागितली आणि त्या पांढऱ्या मुळांवर घोटभर पाणी सोडलं. पाणी खाली ठिबकायच्या आत मूळ हिरवं झालं. खरंच, बघता बघता. सुकलेल्या पाटीवरून ओला बोळा फिरवावा तसं.

"आयला," मामा म्हणाले.

मुळांच्या अंगावर मेलेल्या पेशींचा एक थर असतो, सर सांगत होते, स्पंजासारखा पोकळ. कोरडा असला की आत हवा, म्हणून पांढरा दिसतो. पाणी पडलं की क्षणात भरतो आणि खालचा हिरवा रंग दिसायला लागतो. पाऊस दहा मिनिटं का पडेना, तेवढ्यात भरून घ्यायचं. दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवायची, रात्री गारव्यात उघडून हवा आत घ्यायची, साठवायची आणि दुसऱ्या दिवशी उन्हात वापरायची. आंब्याकडून घ्यायची ती फक्त बसायला जागा.

सोलापूरच्या माणसाला यापुढं काही समजवावं लागत नाही. नळाला पाणी येणार त्या दिवशी घरातली टाकी, पिंप, हंडे, कळशी, शेवटी चहाची किटलीसुद्धा आम्ही भरून घेतो आणि पुढचे चार दिवस त्यावर काढतो. मी मामांना तसं म्हटलं. त्यांनी कोयता म्यानात घातला. "मग असू दे. भाडं तरी कुटं मागतोय आंबा."

जेवताना आंब्याचा रस होता आणि सरांची गाडी अमरकोशावर गेली. संस्कृतात वंदा, वृक्षरुहा, वृक्षादनी हे शब्द एका ओळीत समानार्थी म्हणून दिलेत. वृक्षरुहा म्हणजे झाडावर वाढणारी आणि वृक्षादनी म्हणजे झाड खाणारी. म्हणजे मामांनी केलेला घोटाळा चांगला हजार-दीड हजार वर्षं जुना आहे. याच वंदा शब्दावरून कलकत्त्याचे न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी या झाडाला वांडा म्हटलं. त्यांचं ते लिखाण १७९५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापून आलं. आज जगभरच्या फुलबाजारांत वांडा नावानं जी मोठमोठी निळी-जांभळी फुलं विकतात, त्या साऱ्या कुळाचं नाव आपल्या बांधावरच्या या वांड्यावरून पडलेलं आहे. बंगालकडं याच्या मुळांना रास्ना म्हणून औषधात घेतात. इतरत्र रास्ना म्हणून वेगळंच झाड चालतं. "आणि म्हणूनच गावाचं नाव लिहायचं नाही," सरांनी पुन्हा बजावलं.

आई दोन दिवस भावाकडं राहिली. आम्ही संध्याकाळी सोलापुरात परतलो. रात्री मी ग्राफचा कागद काढला, जुना, पिवळा पडलेला, आणि ती जाळी उतरवायचा प्रयत्न केला. अकरा वाजता फाडून टाकला.

शनिवार : सोलापूर – कोल्हापूर – आंबा

या दिवसाबद्दल सांगण्यासारखं थोडंच. मंगळवेढ्याची काळी रानं ज्वारी काढून मोकळी पडलेली, सांगोल्याला डाळिंबाच्या बागा. मिरजेपर्यंत रस्ता इतका सरळ आणि झाडाविना, की सर दोनदा चहासाठी थांबले ते झोप घालवायला. रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंची जुनी झाडं गेली. त्यांतल्या किती आंब्या-वडांवर कुणी बसलेलं असेल, हा विचार आदल्या दिवशीपर्यंत माझ्या डोक्यात आला नसता.

कोल्हापुरात मिसळ खाल्ली. भाकरी शाबूतच होती, पण कोल्हापुरात शेंगाचटणी काढून बसायला मला धीर झाला नाही. बांबवडे, मलकापूर मागं पडलं तशी झाडं उंच व्हायला लागली आणि आभाळ खाली आलं. आंबा गावात शिरताना पाऊस लागला. मृगाचा पहिलाच म्हणे. आमच्याकडं मृगाचा पाऊस मातीचा वास सोडून निघून जातो. इथं तो मुक्कामाला आल्यासारखा पडत होता. उतरलो होतो त्या घराच्या पडवीत बसून टॉवेल सोडला आणि भाकरी खाल्ली. दमट हवेत कडक भाकरी अर्ध्या तासात मऊ पडते, हे ज्ञान मला चोपन्नाव्या वर्षी झालं.

रविवार : देवराई

सकाळी सातला गावातला एक तरुण वाटाड्या म्हणून आला. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, खिशात मिठाची पुरचुंडी. मीठ कशाला ते दहा मिनिटांत कळलं. जळवा. सरांनी मोजे पँटवर ओढले होते. मी सोलापूरहून चपला घालून आलो होतो. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

आंबेश्वराची देवराई गावाला लागूनच आहे. देवाच्या नावानं राखलेलं रान, आतली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. आत शिरताच उजेड निम्मा झाला. कुठूनतरी शीळ ऐकू येत होती, अगदी एखाद्या पोरानं रमतगमत घालावी तशी, सूर चुकत, पुन्हा धरत. शीळकरी कस्तूर, सर म्हणाले. मी पोरगं शोधत होतो.

मामांच्या आंब्यावर परवा वांडा हा एकुलता एक भाडेकरू होता. इथं चाळच्या चाळ होती. एका हिरड्याच्या फांदीवर मॉस, त्यात नेचे, नेच्यांच्या मधून डेंड्रोबियम नावाच्या ऑर्किडचे फुगीर दांडे. त्याची फुलं उन्हाळ्यातच येऊन गेलेली, पान नसलेल्या दांड्यावर पांढरी फुलं येतात म्हणे; आता हिरव्या शेंगा होत्या आणि नवी पानं फुटत होती. जरा पुढं एरिडीस या आणखी एका ऑर्किडचा गुलाबी-पांढरा तुरा, वास आधी आला आणि फूल नंतर सापडलं. भारतीय वनस्पती सर्वेक्षणानं २०१९ मध्ये केलेल्या मोजणीत देशात ऑर्किडच्या १२५६ जाती भरल्या आणि त्यांतल्या ७५७ अशा झाडांवर राहणाऱ्या. सरांनी आकडे सांगितले तेव्हा मी जळू काढत होतो, त्यामुळं पुन्हा विचारून घेतले.

पण ज्यासाठी आलो ते ऑर्किड, सीतेची वेणी, काही दिसेना. दीड तास मान वर करून माझी मान धरली. सर दर झाडाला दुर्बीण लावत होते. वाटाड्या निवांत.

"दादा, सीतेची वेणी इथं आहे ना नक्की?"

"हाय की. मगाधरनं तीन झाली." तो म्हणाला. "तुमी फुलं बगताय. पानं बगा. फूल मागनं येतंय."

त्यानं परत मागं नेलं आणि ज्या ऐनाच्या झाडाखाली आम्ही पाणी प्यायलो होतो त्याच्याकडंच बोट दाखवलं. खरंच की. तीच दुमडलेली जाड पानं, तीच पन्हाळीसारखी घडी, फक्त वांड्यापेक्षा लांब आणि पानांवर फिकट रेघा. मुळ्या मात्र पांढऱ्या नव्हत्या. पावसानं भिजून सगळ्या हिरव्यागार, अंगठ्याएवढ्या जाड. मामांच्या आंब्यावर बाटलीभर पाण्यानं जे चार क्षण दिसलं होतं, ते इथं पावसाळाभर तसंच राहणार होतं.

आणि त्याच्या पलीकडच्या फांदीवर वेणी होती. एक सोडून तीन, खाली लोंबणाऱ्या, कोल्ह्याच्या शेपटीसारख्या गुबगुबीत. हातभर लांब. मला वेणी म्हणजे विणलेलं काही वाटलं होतं, तसं नाही. गजऱ्यात जशी फुलं दोऱ्याभोवती दाटीनं ओवतात तशी शेकडाभर फुलं एका दांडीभोवती, बोट शिरणार नाही अशी. प्रत्येक फूल पांढरं, त्यावर गुलाबी-जांभळे ठिपके आणि मधला ओठ गडद गुलाबी. पावसाचा थेंब वरच्या फुलावर पडायचा आणि ठिपक्याठिपक्यांनी खाली सरकत शेवटच्या कळीच्या टोकाला येऊन लोंबायचा. मी तो थेंब पडायची वाट बघत उभा राहिलो. तो पडला, दुसरा आला.

इथं डिझाइनवाल्याला काही काम नव्हतं. वांड्याचं फूल कागदावर उतरवावं असं वाटतं. ही वेणी केसांत माळावी असंच वाटतं, आणि माणसांनी तेच केलेलं आहे. आसामात बिहूला बायका हीच माळतात, तिकडं हिला कपौ फूल म्हणतात आणि आसामचं ते राज्यफूल आहे. अरुणाचलचंही. तिकडं ही चैत्र-वैशाखात फुलते, आपल्याकडं पावसाच्या तोंडावर. आमच्या वाटाड्याला विचारलं, तुमच्याकडं माळतात का? तो म्हणाला, "देवराईतली कोण माळतंय? देव इचारंल की."

दुपारनंतर पाऊस वाढला. सर म्हणाले, झालं, बघून झालं. मला अजून ते थेंब बघायचे होते, पण चपलेचा अंगठा तुटला होता.

सोमवार : परत

रात्री वारा होता. सकाळी निघताना मुक्कामाच्या घरासमोर, रस्त्याकडेला एक फांदी मोडून पडलेली दिसली. वर मॉस आणि मॉसात सीतेची वेणी. फुलांची दांडी तुटलेली, पण पानं आणि मुळ्या धड. माझ्या मनात काय आलं ते सरांना न सांगता कळलं.

"जगणार नाही," ते म्हणाले. "सोलापुरात नाही."

"मामांच्या आंब्यावर?"

"तिथं वांडा आहे. हिला नाही ती हवा मानवायची." आईचंच वाक्य. त्यांनी मग कायद्याचंही सांगितलं, रानातून ऑर्किड उचलून नेऊ नये, वगैरे. ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं, पण मास्तरांना धडा पुरा केल्याशिवाय चैन पडत नाही.

वाटाड्या बॅगा ठेवायला आला होता. तो म्हणाला, खाली पडलेली आठ-पंधरा दिवसांत कुजते, वर बांधली तर धरते. समोर जांभळीचं झाड होतं, खरबरीत सालीचं. त्यानं खिशातून प्लास्टिकची सुतळी काढली. सर नको म्हणाले. प्लास्टिक तसंच राहतं आणि मूळ जाड झालं की त्यात रुतून कापलं जातं. सुती पाहिजे. मुळं सालीला धरेपर्यंत टिकेल आणि मग आपोआप कुजून गळेल असं काहीतरी.

सुती माझ्याकडं होतं. निर्यातीच्या मालातलं. किनार दातानं तोडून दिली की टॉवेल सरळ रेषेत फाटतो. तीस वर्षांत एवढं तरी समजतं. चार पट्ट्या निघाल्या. वाटाड्या खांद्याच्या उंचीवरच्या बेचक्यात झाड धरून उभा राहिला, सरांनी मुळ्या सालीवर पसरल्या आणि मी बांधलं. फार आवळायचं नाही, फार ढिलं ठेवायचं नाही. मागावर तुटलेला ताण्याचा धागा जोडताना जसं. निळ्या किनारीचे चार पट्टे जांभळीला बांधलेले चांगले दिसत नव्हते, पण पहिल्या पावसात मळतील.

रात्री नऊला सोलापूर. आई मामांकडून परस्पर आली होती. मी मोबाइलवर एकेक फोटो दाखवला. तिनं चष्मा वर करून, मोबाइल लांब धरून सगळे बघितले.

"छान आहे. पण आपल्या आंब्यावरच्याला वास जास्त."

"तू हिचा वास कुठं घेतलास?"

त्यावर तिनं काही उत्तर दिलं नाही. ती दुरडी उलटी करून बघत होती.

"आणि टॉवेल कुठाय रे?"